मोठं घर सोडून लहान घरात जाताना आयुष्यभराचं सामान कसं आवरायचं

रिटायर झाल्यावर लहान घरात जायचं ठरलं की घरातलं कोणीतरी म्हणतं, चला आता नको ते टाकून देऊ, मग कपाट उघडलं जातं, पहिल्याच खणात एखादं जुनं पत्र सापडतं, ते वाचण्यात दुपार जाते आणि संध्याकाळी कपाट होतं तसं परत बंद. आमच्याकडे हे चार वेळा झालं. ३१ वर्षं एकाच घरात राहिलो आम्ही, चार खोल्या, वर भरगच्च माळा, आणि जायचं होतं दोन खोल्यांत. पाचव्या वेळी आम्ही प्रश्नच बदलला आणि तिथून काम सरकायला लागलं.

तर पहिली गोष्ट ही, की "काय टाकायचं" असं विचारूच नका. "बरोबर काय न्यायचं" एवढंच विचारा. ऐकायला सारखंच वाटतं पण तसं नाहीये. टाकायचं काय असं विचारलं की प्रत्येक वस्तू आपल्याकडे बघते आणि आपण तिची बाजू घ्यायला लागतो, अजून चांगली आहे, कधीतरी लागेल, किती जपून वापरली. हा काही तुमचा कमकुवतपणा नाही, माणसाचं मनच तसं आहे. डॅनियल कानेमन आणि रिचर्ड थेलर (दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीमग फुकट दिले आणि विचारलं की कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल. ज्यांच्या हातात कॉफीमग होता ते जवळपास दुप्पट किंमत सांगत होते. आणि तो त्यांना मिळून किती वेळ झाला होता, तर काही मिनिटं! मग आपण ज्या खुर्चीत बसून मुलांना गोष्टी सांगितल्या तिचं काय होणार सांगा.

"न्यायचं काय" असं विचारलं की उलटं होतं. तुम्ही निवड करता. आवडीचं आधी उचलता, जागा भरत जाते, आणि उरलेल्या वस्तूंबद्दल वेगळा निकाल द्यावाच लागत नाही, त्यांचा फक्त पत्ता ठरवायचा असतो की ही कोणाकडे जाईल.

आधी नवीन घर मोजा, जुनं नंतर बघू

टेप घ्या, वही घ्या आणि नवीन घरात एक चक्कर मारून या. नुसत्या खोल्या मोजून भागत नाही. दरवाजांची रुंदी, लिफ्टची आतली लांबी-रुंदी-उंची, जिन्याचं वळण, खिडकीखाली भिंत किती उरते, प्लग कुठे आहेत, हे सगळं लिहा. बऱ्याच जणांचं घोडं लिफ्टपाशी अडतं, सोफा खोलीत मस्त मावणार असतो पण वरपर्यंत पोचतच नाही.

मग ग्राफपेपरवर १:५० मापाचा नकाशा काढा, म्हणजे खरा १ मीटर कागदावर २ सेंटीमीटर होईल. पुठ्ठ्याचे त्याच मापाचे तुकडे कापा, १८० बाय २०० सेंटीमीटरचा पलंग असेल तर ३.६ बाय ४ सेंटीमीटरचा तुकडा, आणि नकाशावर सरकवून बघत बसा. कपाटाचं दार उघडायला आणि ड्रॉवर बाहेर यायला लागणारी जागा पण धरा, ती विसरली जाते. आणि चालायच्या वाटेला ९० सेंटीमीटर मोकळे सोडा. आज गरज वाटणार नाही पण उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर आली तर तेवढी जागा लागतेच आणि तेव्हा फर्निचर हलवायची ताकद आपल्यात नसेल.

हे काम दोघांनी एकत्र बसून करा. आमच्या ह्यांचं लिहायचं टेबल, त्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं, १६० सेंटीमीटर लांब. मी महिनाभर सांगत होते की नाही मावणार आणि दर वेळी वाद होत होता. पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी स्वतः तीन-चार जागी ठेवून पाहिला, मग काही न बोलता बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले की पुतण्याला विचारूया, त्याला घरून काम करायला हवंय. मी सांगणं आणि नकाशाने सांगणं यात हा फरक आहे.

फर्निचर झालं की फळ्या मोजा. माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं माप हेच आणि ते कोणी घेत नाही. जुन्या घरात पुस्तकं किती मीटर फळीवर आहेत, कपडे किती मीटर दांडीवर लटकतायत, स्वयंपाकघरातल्या फळ्यांची एकूण लांबी किती. मग हेच नवीन घरात मोजा. आमची पुस्तकं १४ मीटर भरली, नवीन घरात पुस्तकांना फळी निघाली ४ मीटर. आता १० मीटर पुस्तकं काढायचीत असं म्हटलं असतं तर दोघंही रडलो असतो. आम्ही चार मीटर फळी रिकामी करून घेतली, खाली पट्टीने खूण केली आणि रोज संध्याकाळी दोघांनी पाच-पाच पुस्तकं आणून तिथे लावायची, एवढंच. फळी भरल्यावर नवीन पुस्तक लावायचं तर लावलेलं एक काढायचं. तीन आठवड्यांत आमची चार मीटर लायब्ररी तयार झाली आणि खरं सांगते, इतक्या आवडत्या पुस्तकांची फळी मी आधी कधी पाहिलीच नव्हती. (पुस्तकं देण्याआधी प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटका. पत्रं, फोटो, नोटा, एकदा तर मुदत ठेवीची पावती निघाली आमच्याकडे.)

किती वेळ लागतो

तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट. निदान सहा महिने हातात ठेवा, वर्ष मिळालं तर फारच उत्तम. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दोन तास, असं सहा महिने केलं तर साधारण १५० तास होतात आणि भरलेल्या चार खोल्यांना तेवढे लागतातच. दोन तासांच्या वर बसू नका. थकल्यावर माणूस एकतर सगळं ठेवतो नाहीतर सगळं टाकतो, आणि दोन्हीचा पश्चात्ताप होतो. सकाळी करा, पोट भरलेलं असताना, आणि दोन तास संपायच्या आत त्या दिवशी निघालेल्या पिशव्या घराबाहेर गेल्या पाहिजेत किंवा निदान गाडीत. दारापाशी ठेवलेली पिशवी रात्रीतून परत उघडली जाते, हा आमचा अनुभव आहे.

आणि एक महत्त्वाचं, हे काम तब्येत ठीक आहे तोवर स्वतःच्या हाताने करा. माझ्या मावशीला पडल्यानंतर हॉस्पिटलमधून थेट दुसरीकडे हलवावं लागलं, तिचं घर आम्ही भाचरांनी दहा दिवसांत रिकामं केलं. आम्ही अगदी मनापासून केलं पण कुठली गोष्ट तिच्यासाठी काय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. एक साधी निळी पत्र्याची डबी आम्ही भंगारात दिली, ती नंतर वर्षभर विचारत होती त्या डबीबद्दल. मला ते अजून लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की निवडायचा हक्क दुसऱ्याच्या हातात जायच्या आत वापरा.

सुरुवात कुठून करायची

जिथे मन अडकत नाही तिथून. फोटो आणि पत्रं शेवटी, अगदी शेवटी. पहिल्याच दिवशी फोटोंचा डबा उघडला तर सहा महिने तिथेच संपतात. बाथरूम, औषधांचा खण, चादरी-टॉवेल, स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं, मग छंदाचं सामान, मग कागदपत्रं, आणि सगळ्यात शेवटी फोटो. असं केल्याने हाताला सवय होते, निर्णय घ्यायचा सराव होतो, आणि अवघड वस्तू समोर येईपर्यंत आपण तयार झालेले असतो.

एकसारख्या वस्तू आधी एका जागी आणा, हे मात्र नक्की करा. घरभर विखुरलेल्या असतात तेव्हा कळत नाही. आम्ही सगळ्या कात्र्या टेबलावर आणल्या तर ११ निघाल्या. टॉर्च सात, त्यातले पेटणारे दोन. समोर ढीग बघितला की कोणाला समजवायला लागत नाही, आपोआप त्यातली चांगली दोन उचलली जातात. स्वयंपाकघरात भांडी निवडताना हाच हिशोब लावा, की आता रोज किती माणसांचं होतं आणि जास्तीत जास्त किती येतील. चोवीस जणांचा सेट पूर्णच ठेवला पाहिजे असं काही नसतं, सहा ताटं-वाट्या ठेवून बाकीच्या दिल्या तरी त्या सहांमध्ये तो सेट राहतोच की. जड भांडी आवडती असली तरी एकदा भरलेली उचलून बघा, मनगट काय म्हणतं त्याचं ऐका.

औषधं, बॅटऱ्या, रंगाचे डबे या गोष्टी सरळ कचऱ्यात टाकू नका. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात ओतली तर पाण्यात जातात, मेडिकलवाला किंवा हॉस्पिटल परत घेतं का आधी विचारा. जुने पाऱ्याचे थर्मामीटर आणि सीएफएल दिवे यांत पारा असतो, फुटू न देता वेगळे द्यायचे. लिथियमच्या बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या तर पेट घेऊ शकतात, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. जुने मोबाइल, लॅपटॉप देताना आधी आपल्या अकाउंटमधून लॉगआउट करून फॅक्टरी रिसेट मारा. नुसत्या फाइल डिलीट केल्याने हार्डडिस्कवरचं जात नाही, सहज परत काढता येतं, म्हणून कोणा माहीतगाराकडून ती पूर्ण पुसून घ्या.

कपड्यांचं मी लांबवत नाही. आत्ता अंगाला बसतात, आत्ता आवडतात आणि स्वतःचे स्वतःला घालता-काढता येतात, ते न्या. ऑफिसचे कपडे आता दोन जोड पुरतात. जमिनीवरच्या सुट्या सतरंज्या, पायपुसणी, छोटे गालिचे मात्र कमीच न्या, पाय अडकून पडायचं ते एक मोठं कारण असतं.

जिथे खरंच जड जातं

मला वाटायचं आठवणींच्या वस्तू सोडणं सगळ्यात कठीण असेल. ते कठीण आहेच पण त्याहून कठीण निघालं छंदाचं आणि कामाचं सामान. माझं शिलाई मशीन आणि दोन पेट्या भरून कापड. ह्यांची सुतारकामाची हत्यारं. मशीन देणं म्हणजे मशीन जाणं नव्हतंच ते, मी शिवणारी बाई आहे हे जाणं होतं. दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता, डोळ्यांमुळे सुई ओवणं जमत नाही, तरी ते कोपऱ्यात होतं तोवर मला वाटायचं की शिवेन कधीतरी. असं सामान समोर आलं की घाई करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका. स्वतःला विचारा की हे काम मला अजून करायचंय का, आणि करायचं असेल तर नवीन घरात कुठल्या जागी बसून करणार ते नकाशावर दाखवा. जागा दाखवता आली तर न्या, अगदी बिनधास्त न्या, त्यासाठी सोफा कमी झाला तरी चालेल. नाही दाखवता आली तर त्यातला हातात मावेल एवढा भाग ठेवा. ह्यांनी पन्नासेक हत्यारांतून एक रंधा, एक हातोडी, दोन पटाशा आणि स्क्रूड्रायव्हरचा सेट ठेवला, बाकीचं एका तरुण सुताराला दिलं आणि देताना त्याच्यासोबत पूर्ण दिवस बसून प्रत्येक पटाशीला धार कशी लावायची ते दाखवलं. तो मुलगा अजून फोन करतो त्यांना. मी मशीन दिलं, कापडातून मात्र एक गोधडी शिवून घेतली, तीच पांघरते.

आठवणींच्या वस्तूंसाठी एक साधा उपाय फार कामाला येतो, तो म्हणजे द्यायच्या आधी फोटो काढणं. हे नुसतं समाधान नाही बरं का. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलांमध्ये याचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सेमिस्टर संपताना काही हॉस्टेलांत मुलांना सांगितलं की आठवणीच्या वस्तूचा आधी फोटो काढा मग दान द्या, बाकीच्यांत नुसतं दान द्या असं सांगितलं. फोटोवाल्या हॉस्टेलांतून ६१३ वस्तू आल्या, दुसऱ्यांतून ५३३. म्हणजे आपल्याला सोडवत नसते ती वस्तू नव्हे, तिच्याबरोबर आपला एक तुकडा जाईल ही भीती असते, आणि फोटो तो तुकडा धरून ठेवतो. फोटोत शक्यतो वस्तू हातात घेतलेले तुम्ही असा, आणि मोबाइलवर एक-दोन मिनिटं बोलून ठेवा की ही कुठून आली, कोणी दिली. आमच्याकडे अशा ८० की ८५ क्लिप आहेत आणि नातवंडं वस्तूंपेक्षा त्या जास्त बघतात.

ज्याचा निर्णय होतच नाही त्याच्यासाठी दोन खोकी ठेवा. दोनच, तिसरं नाही. त्यावर आजची तारीख घाला, टेपने बंद करा. तीन महिन्यांत उघडावंसं वाटलं नाही तर न उघडता देऊन टाका. काही जण यासाठी बाहेर भाड्याने गोदाम घेतात, मला ते अजिबात पटत नाही. निर्णय तसाच राहतो आणि वर दर महिन्याला भाडं भरत राहायचं, आणि शेवटी तेच सामान मुलांना आवरावं लागतं. नवीन घराचा ताबा मिळायला दोन महिने आहेत वगैरे असेल तेवढ्यापुरतं ठीक, संपायची तारीख आधी ठरलेली असेल तर.

जोडीदाराच्या वस्तूंना हात लावायचा नाही. कितीही त्रास होत असला तरी त्याचं त्याने, तिचं तिने. आणि जोडीदार नुकताच गेला असेल तर कपाट उघडायची घाई मुळीच करू नका, जाणं टाळता येत नसेल तर त्यांच्या वस्तू एका खोक्यात तशाच्या तशा भरून बरोबर न्या, नंतर बघता येतं. आईवडिलांचं आवरत असाल आणि त्यांना विसरायला होत असेल तर त्यांना बाहेर पाठवून मागे घर रिकामं करू नका. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवा आणि यातली कुठली आवडते विचारा. वीस ठेवल्या तर गोंधळ होतो, दोन असल्या की बोट दाखवता येतं.

मुलांना विचारताना

सगळ्यांना वाटतं की मुलांना हे हवं असेल. बहुतेक वेळा नको असतं, त्यांची घरं भरलेली असतात, आवड वेगळी असते. "नको" म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका आणि गळ्यात मारू नका, कारण मग ते घेऊन जातात आणि त्यांच्या माळ्यावर टाकतात. त्यांनी वस्तू नको म्हटलं म्हणजे तुम्हाला नको म्हटलं असं होत नाही, हे मला समजायला बरेच दिवस लागले. सगळ्यांना एकदम फोटो पाठवा, प्रत्येक वस्तूला नंबर द्या, आणि कळवायची शेवटची तारीख द्या. मुलांचं लहानपणचं जे सामान तुमच्याकडे पडलंय त्यालाही तारीख द्या, गोड शब्दांत पण पक्की.

एकच वस्तू दोघांना हवी असेल तर आईवडिलांनी निवाडा करू नये, त्याने वर्षानुवर्षं मनात राहतं. चिठ्ठ्या टाका आणि क्रम ठरवा. पहिल्या फेरीत १, २, ३ या क्रमाने प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, दुसऱ्या फेरीत उलटं ३, २, १, म्हणजे शेवटी नंबर लागलेल्याला लगेच परत निवडता येतं. आमच्या तिघा मुलांनी असं केलं, दीड तासात झालं, आणि नंतर त्यांनी आपापसात दोन वस्तू बदलल्या पण.

आणि द्यायचंय ते आत्ता हयातीत द्या ना. माझ्या आईचं मनगटी घड्याळ मी भाचीला दिलं, ती ते घालून भेटायला येते आणि मला बघायला मिळतं.

विकायचं असेल तर थोडक्यात, पाच-सहा खरोखर किमती वस्तूच विकायला काढा, बाकी देऊन टाका, नाहीतर प्रत्येक खुर्चीसाठी वीस फोन घेत बसाल. दागिने, चित्रं, नाणी, टपाल तिकिटं असतील तर आधी दोन जाणकारांना दाखवा जे स्वतः विकत घेणार नाहीयेत. जुनी नाणी चकचकीत करायला जाऊ नका, घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांकडे उतरते. जुन्या लाकडाला पॉलिश करायचंही आधी थांबा.

कागद आणि फोटो

कागदांचे तीन ढीग. पहिला, ज्याची मूळ प्रत लागतेच: जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले, मालमत्तेचे कागद, मृत्युपत्र, पेन्शनचे आणि विम्याचे कागद. हे एका फाइलमध्ये, आणि ती फाइल सामानाच्या गाडीत नाही, तुमच्या हातात. दुसरा ढीग कराचे आणि बँकेचे कागद, ते किती वर्षं ठेवायचे हे आपल्या कर सल्लागाराला विचारून त्याआधीचे काढा. तिसरा बाकी सगळं. ज्यावर खाते नंबर, सही, ओळखपत्राचे नंबर आहेत ते नुसते फाडून रद्दीत देऊ नका, श्रेडरमधून काढा, आणि श्रेडर बारीक तुकडे करणारा हवा, लांब पट्ट्या करणारा नको.

फोटोंसाठी वेगळा महिना ठेवा. आधी पाहताक्षणी काढता येतील ते काढा, हललेले, एकाच प्रसंगाचे पाच-पाच सारखे, माणसं नसलेली डोंगर-समुद्राची दृश्यं. उरलेल्यांतून निवडा. फोटोत कोण आहे हे ज्याला माहीत आहे तो माणूस शेजारी बसवा, आमच्याकडे ते फक्त माझ्या मोठ्या नणंदबाईंना माहीत होतं, ८४ वर्षांच्या आहेत, पण चार दुपारी बसून त्यांनी जवळजवळ सगळी नावं सांगितली. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, बॉलपेन दाबलं की पुढे वळ उठतो आणि शाई पण उतरते.

प्लास्टिकच्या पारदर्शक कागदाखाली चिकटवायचे जे अल्बम यायचे ना, त्यांचा गोंद फोटोंना खराब करतो, त्यातून काढून घ्या. ओढू नका, दात साफ करायचा दोरा, डेंटल फ्लॉस, तो फोटोमागून हळूहळू सरकवला की सुटतात. अजिबात सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. साध्या प्रिंटला स्कॅनरवर ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके, आकडा जितका मोठा तितकं चित्र बारकाईने उतरतं) पुरतं, लहान फोटो मोठा करायचा असेल तर ६००, आणि निगेटिव्ह किंवा स्लाइड असेल तर २४०० किंवा जास्त. व्हिडिओ कॅसेटचं काम आधी करून घ्या, कॅसेटवरचं चित्र दरवर्षी खराब होत जातं आणि ती लावायला मशीनच मिळत नाही आता. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. स्कॅन झालं की तीन कॉपी करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, मुलाकडे मुलीकडे. एवढं झाल्याशिवाय मूळ फोटो कोणालाही देऊ नका.

शेवटचे दिवस

पुस्तकं नेहमी छोट्या खोक्यात भरा. एक मीटर फळीवरच्या पुस्तकांचं वजन सहज २५-३० किलो होतं, मोठं खोकं भरलं तर तळ फाटतो नाहीतर कोणाची तरी पाठ जाते. एका खोक्यात १५ किलोच्या वर नको. खोक्यांवर नंबर आणि नवीन घरातली खोली लिहा, जुन्या घरातली नाही. आत काय आहे ते वहीत लिहा, बाहेर नको. फ्रिज एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या, आणि पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करा. पुढून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर त्याचे वाहतुकीचे बोल्ट (नेताना आतला ड्रम हलू नये म्हणून असतात ते) मागे लावावे लागतात, ते कुठल्यातरी खणात पडलेले असतात, आवरताना सापडले की लगेच बाजूला काढून ठेवा.

एक बॅग स्वतःजवळ. आठवड्याची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन, चष्मे, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, चार्जर, कागदांची ती फाइल, एक जोड कपडे, चादर, टॉर्च, कात्री. बाकी खोकी दुसऱ्या दिवशी उघडली तरी चालतात.

नवीन घरात सगळ्यात आधी पलंग लावा आणि त्याच्या शेजारचं लावा. जुन्या घरात दिवा डाव्या हाताला होता तर इथेही डाव्याच हाताला, चष्मा, पाणी, घड्याळ जिथे असायचं तिथेच, बाथरूमकडे जायची वाट मोकळी आणि तिथे रात्रीचा छोटा दिवा. पहिल्या रात्री मध्येच जाग आली की हात सवयीने जातो, आणि तिथे दिवा हाताला लागला पाहिजे.